डॉक्टरांनी खाली ठेवलेला घास

माझ्या गोळ्या संपून पाच महिने झाले. वजन परत आलंय, जिना चढताना धाप लागत नाही. परवा आरोग्य केंद्रावरच्या सिस्टर म्हणाल्या, "बालाजी, तुम्ही लिहून काढा. नवीन पेशंट येतात ते नुसते रडत बसतात. तुमचं वाचलं तर धीर येईल."

मी म्हणालो, "सिस्टर, मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. काय लिहिणार?"

"बोलता तसं लिहा."

म्हणून मुलीची अर्धी कोरी वही घेऊन बसलोय. धीर देण्यासारखं यात आहे, ते लिहीनच. पण लिहायला बसलं की पहिलं दुसरंच काहीतरी पेनात येतं. ते आधी बाहेर काढल्याशिवाय पुढचं निघणार नाही.

एका माणसाचं नाव मी लिहिणार नाही. त्यांनी माझं नाव चौकात लावलं, मी त्यांचं लावणार नाही. नुसतं डॉक्टर म्हणेन. तसंही आम्ही त्यांना कधी दुसऱ्या नावाने ओळखलंच नाही.

हिरवा पडदा

मी लातूरकडचा. सतराव्या वर्षी इकडे पुण्याकडे आलो तेव्हा दिघीत ओळखीचं कुणी नव्हतं. भोसरीत एका वर्कशॉपला लागलो आणि पंधराव्या दिवशी बोट मशीनमध्ये सापडलं. मालकाने रुमाल गुंडाळून हाकललं. शेजारच्या खोलीतल्या माणसाने डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. तेव्हा तो दवाखाना म्हणजे पत्र्याखालची एक खोली. एक बाकडं, एक टेबल आणि मध्ये हिरवा पडदा.

डॉक्टरांनी टाके घातले आणि विचारलं, "जेवलास का?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी स्वतःच्या डब्यातली पोळी दिली. गावाबाहेर मला पहिल्यांदा कुणी जेवलास का म्हणून विचारलं असेल तर ते त्यांनी. ते मी आजही विसरलो नाही, आणि विसरणार नाही. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवा.

त्यांची एक सवय होती. कुणाचं काही नाजूक असलं की ते स्वतः उठून पडदा ओढायचे. कंपाउंडरला सांगायचे नाहीत. बाकड्यावर बसलेल्यांना फक्त पडद्याखाली दोघांचे पाय दिसायचे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, या माणसाच्या पोटात सगळ्या दिघीच्या गोष्टी आहेत, पण एक बाहेर येत नाही.

माझं लग्न झालं, मंगल आली. डॉक्टरांचं कुटुंब तेव्हा सांगलीला असायचं, ते दवाखान्याच्या वर एकटे राहायचे, कुठल्यातरी खानावळीचं खायचे. एकदा मंगलने त्यांना येसर आमटी आणि भाकरी पाठवली. येसर म्हणजे आमच्याकडचं भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, त्याची दाट आमटी होते. डॉक्टरांनी डबा घासून परत पाठवला आणि आत चिठ्ठी. "उद्यापासून रोज. ठेचा जरा जास्त."

मंगलचा पहिला डबा तो. दोन वर्षं ते तिच्या हातचं जेवले. दवाखान्यात कंपनीतला कुणी एकटा पोरगा पोट बिघडलं म्हणून आला की त्याला सांगायचे, "बाहेरचं खाणं बंद कर. मंगलचा डबा लाव." असे होत होत बावीस डबे झाले. पुढे मी चाकणला पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमध्ये कॉन्ट्रॅक्टवर लागलो, मध्ये-मध्ये कामाला ब्रेक मिळायचे, कधी तीन-तीन महिने घरी बसायचो. तेव्हा घर डब्यांवर चालायचं. म्हणजे घर डॉक्टरांच्या शब्दावर चालायचं, असंच आम्ही धरून होतो.

ते महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा मी सुट्टी टाकून घरोघर चिठ्ठ्या वाटल्या. कुणी सांगितलं नव्हतं. निवडून आले तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी होतं. पाण्याची लाइन त्यांनी आणली, शाळेचं छत त्यांनी घातलं, हे खोटं नाही. आज इकडे कुणालाही विचारा, देवमाणूस म्हणतील. दवाखाना त्यांनी एका तरुण डॉक्टरकडे दिला, स्वतः फक्त सोमवार-गुरुवार सकाळी बसायचे. आणि हळूहळू लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे थांबले, साहेब म्हणायला लागले. मी मात्र डॉक्टरच म्हणत राहिलो. जीभ वळायची नाही.

त्या सोमवारी

दिवाळीनंतर खोकला धरला. मला वाटलं कंपनीतल्या तेलाच्या वाफेचा असेल. मग रोज संध्याकाळी अंग कसकसायला लागलं, पॅंट कमरेला ढिली झाली, आणि उजव्या कुशीवर झोपलं की श्वास अडकायचा. मंगल रोज म्हणायची, "जावा की डॉक्टरकडं." मी ओव्हरटाइम बुडेल म्हणून ढकलत होतो. तुम्ही ढकलू नका. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की जा. हे एक वाक्य लिहिण्यासाठी सुद्धा ही वही पुरे आहे.

सोमवार धरून गेलो, कारण मला तेच हवे होते. त्यांनी पाठीवर बोटं ठोकून पाहिलं. एका बाजूला ढप-ढप, दुसऱ्या बाजूला दगडावर मारल्यासारखा आवाज. तो फरक मला सुद्धा ऐकू आला. छातीचा एक्स-रे फोटो काढायला पाठवलं. परत आलो तेव्हा बाकड्यावर सात-आठ माणसं होती. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला, खाली ठेवला, आणि उठून पडदा ओढला.

पडदा ओढला तिथेच मला कळलं.

"छातीत पाणी झालंय. टीबीचं आहे, मला खात्री आहे. घाबरू नकोस, बरा होणारा आजार आहे. सहा महिने गोळ्या. एक दिवस चुकवायची नाही."

मी पडद्याच्या खालच्या कडेकडे बघत होतो. बाहेरच्यांना माझे पाय दिसत असतील. मी पाय मागे घेतले.

"मंगलला काय सांगू? डबे आहेत डॉक्टर. बावीस डबे."

ते माझ्या समोर खुर्ची ओढून बसले. आवाज अगदी खाली आणला. "ऐक. जेवणातून हा आजार जात नाही. तुझ्या प्रकारात तर दुसऱ्याला धोका जवळजवळ नाहीच, थुंकी तपासू म्हणजे तुझीही खात्री होईल. पण लोकांना हे समजवायला जन्म जाईल. त्यामुळे आजाराचं नाव तीन माणसांत ठेव. तू, मी आणि मंगल. बाकीच्यांना न्यूमोनिया सांग."

मी त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी खांद्याला धरून उठवलं. "जा आता पिंपरीला, ॲडमिट हो."

इथपर्यंत ते डॉक्टर होते.

वॉर्ड

पिंपरीच्या महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात मी दहा दिवस होतो. पहिल्या दिवशी पाठीत सुई घालून पाणी काढलं. ज्यांचं काढायचं असेल त्यांनी भिऊ नये. टोचल्यासारखं होतं, मग छाती दाबून बसलेलं कुणीतरी उठून जावं तसा श्वास मोकळा होतो. पिवळं पाणी बाटलीत भरताना मी बघितलं. एवढं माझ्यात होतं आणि मी प्रेसवर शिफ्ट करत होतो.

वॉर्डचा दिवस ठरलेला. सकाळी झाडू, मग चहा, मग मोठे डॉक्टर, मग वाट बघणं. सगळ्यात अवघड ते वाट बघणं. माझ्या शेजारच्या कॉटवर मावळातले एक आजोबा होते, त्यांनाही हाच आजार. ते पेरू चिरून तिखट-मीठ लावून अर्धा मला द्यायचे. मी हात आखडला की म्हणायचे, "घे रं. तुला व्हायचं त्ये झालंय, मला व्हायचं त्ये झालंय. आता कुनाला भ्यायचं?" दहा दिवसांत मी पहिल्यांदा हसलो तो त्या पेरूवर.

थुंकीत काही निघालं नाही. माझ्यापासून कुणाला धोका नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी मंगललाही समजावलं. ती हो-हो म्हणाली. घरी आल्यावर तिने माझं ताट वेगळं ठेवलं होतं. कडेला पोचा पडलेलं जुनं ताट. ते ती शेवटी घासायची, राखेने, आणि मग गॅसवर कढत पाणी करून ओतायची. मी विचारलं तर म्हणाली, "लेकरू हाय घरात. मला नका शिकवू." रागाने नव्हती बोलत. भीतीने बोलत होती. पण पोचा पडलेल्या ताटात जेवणाऱ्याला ते सारखंच लागतं.

हे नंतरचं. हॉस्पिटलातल्या सातव्या दिवशी दुपारी डॉक्टर आले. बरोबर पाच-सहा माणसं, हातात सफरचंदांची पिशवी. वॉर्डातले सगळे उठून बसले. ते सरळ माझ्या कॉटपाशी आले, डोक्यावर हात ठेवला. "काय बालाजी, श्वास कसा आहे?"

एवढा मोठा झालेला माणूस मला बघायला पिंपरीपर्यंत आला. बरा आहे म्हणालो.

त्यांच्याबरोबर सचिन नावाचा कार्यकर्ता होता, कायम हातात मोबाइल. तो म्हणाला, "दादा, एक फोटो. आठवण म्हणून."

आणि मी काय केलं असेल? उशीखालचा कंगवा काढून केस सारखे केले. सरळ बसलो. डॉक्टरांचा हात डोक्यावर, माझं तोंड हसरं. शेजारच्या आजोबांनी मात्र मोबाइल वर होताच पंचा तोंडावर घेतला आणि भिंतीकडे वळले.

सगळे गेल्यावर ते पंच्यातून म्हणाले, "फोटूला न्हाई म्हनायचं असतं, पोरा."

"आमचे डॉक्टर आहेत ते, आजोबा. घरचे आहेत."

"व्हय? मग बरं हाय."

चौक

डॉक्टरांचा वाढदिवस पुढच्या महिन्यात. इकडे वाढदिवस म्हटलं की चौकाचौकात फ्लेक्स लागतात, त्यात काही नवल नाही. मी तेव्हा फार बाहेर पडत नव्हतो. सकाळी किसन आला. हा माझ्याच कंपनीतला, जालन्याकडचा, एकटा राहतो, पाच वर्षं आमचा डबा खातो. दारातूनच ओरडला, "भावा! तुझा फोटो लागलाय चौकात. केवढा मोठा! तिकीट-बिकीट मिळालं का काय तुला?"

मला वाटलं थट्टा करतोय. तो हसत होता, पण आत आला नाही. इतर वेळी चपला काढायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावायचा. त्या दिवशी उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

मी चौकात गेलो. दोन मजल्यांएवढा फ्लेक्स. मध्ये डॉक्टर हात जोडून, आणि खाली डाव्या बाजूला आमचा तो फोटो. त्यांचा हात, माझं डोकं, माझं हसू. भांग किती नीट पडलाय ते सुद्धा दिसत होतं. खाली लिहिलं होतं, "क्षयरोगाशी झुंजणाऱ्या आमच्या बालाजीच्या पाठीशी साहेब खंबीर उभे."

मी ते तीन-चार वेळा वाचलं. आठवी शिकलो असलो तरी एवढं वाचता येतं.

बाजूला एक रिक्षावाला उभा होता. त्याने फ्लेक्सकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि रिक्षा थोडी पुढे घेऊन लावली.

असेच फ्लेक्स आणखी तीन ठिकाणी होते. भोसरीच्या रस्त्याला एक, दवाखान्याजवळ एक, शाळेसमोर एक. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. दुपारी घरी आली आणि दप्तर खाली टाकून म्हणाली, "पप्पा, तुम्हाला न्यूमोनिया झाला होता ना?" मी हो म्हणालो. ती मान डोलावून, दप्तर उचलून आत गेली. तिने पुढे विचारलं असतं तर बरं झालं असतं.

गावाकडे फोटो फोनवरून पोचला. आईचा फोन आला. ती रडली नाही, नुसती म्हणाली, "बाळू, मला दुसऱ्याच्या फोनमधी दिसावं का रं हे?"

बाविसाचे चार

कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बोलता आलं असतं. एकाने सांगितलं कंपनीत कॅन्टीन सुरू झालं. एकाचा भाऊ आला, तो करतो म्हणे स्वयंपाक. दोघांनी डबा आणून दारात ठेवला, घासलेला, आणि गेले. किसन म्हणाला, "महिनाभर गावाला चाललोय राव." तिसऱ्या दिवशी मंगलने त्याला वडापावच्या गाडीवर पाहिलं. त्याने पाव तोंडात तसाच धरून तिच्याकडे पाठ केली.

आठवड्यात चार डबे उरले. कॉन्ट्रॅक्टरने माझ्या जागी दुसरा माणूस घेतला होता. मंगल सवयीने पहाटे उठायची, परातीत बावीस डब्यांच्या अंदाजाने पीठ काढायची आणि मग अर्ध्याहून जास्त परत डब्यात ओतायची. मी ते पांघरुणातून बघायचो.

ती एकदाच बोलली. "तुमी केस कशाला विंचरले ओ?"



ऑफिस

डॉक्टरांना भेटायला जनसंपर्क कार्यालयात गेलो. मनात होतं की हे सचिनचं काम असेल, त्यांना माहीतही नसेल. तिथे चिठ्ठीवर नंबर घेऊन बसायचं. माझा नंबर आला. मोठा हॉल, भिंतीला लागून खुर्च्यांवर वीसेक माणसं, आणि समोर मोठ्या टेबलामागे डॉक्टर. पडदा कुठेच नव्हता.

मला बघून त्यांचा चेहरा खरंच खुलला. "या बालाजी! हा बघा आमचा बालाजी. टीबीने लोळवला होता, आता कसा ताठ उभा आहे बघा!"

वीस माणसांनी बघितलं.

"डॉक्टर, जरा बाजूला बोलायचं होतं."

"अरे बोल की, इथे सगळे आपलेच आहेत."

मग तिथेच बोललो. फ्लेक्सचं सांगितलं, डब्यांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. मग म्हणाले, "हे बघ, लपवल्यानेच हा आजार वाढतो. लोक तपासायला येत नाहीत, औषध घेत नाहीत. तुझा फोटो बघून दोघे-तिघे तपासायला आले, माहितीये? तुझ्यामुळे त्यांचा जीव वाचेल. यात लाजायचं काय?"

चुकीचं काहीच बोलत नव्हते. तोच तर त्रास आहे. आज मी स्वतः हेच लिहितोय की लपवू नका, तपासा. पण माझं मी सांगणं वेगळं आणि माझं कुणी चौकात टांगणं वेगळं.

"पण डॉक्टर, तुम्हीच पडदा ओढून सांगितलं होतं. नाव तिघांत ठेव म्हणून."

ते माझ्याकडे बघत राहिले. आठवायचा प्रयत्न करत होते, ते नाटक नव्हतं. "असं म्हणालो होतो मी?"

मला रात्रंदिवस पुरलेलं वाक्य त्यांना आठवत नव्हतं. मी रागावून गेलो होतो, तो राग कुठे गेला कळलं नाही. 

"बरं, आता काय करू सांग. फ्लेक्स काढायला सांगतो. आणखी?"

मी घरून ठरवून गेलो नव्हतो. तोंडातून निघून गेलं, "एकदा घरी जेवायला या. सगळ्यांच्या देखत. तुम्ही आमच्याकडे जेवलात हे बघितलं की लोक परत येतील."

डॉक्टर मोठ्याने हसले, पहिल्यासारखे. "एवढंच ना? मंगलला सांग, येसर आमटी आणि ठेचा! किती वर्षं झाली. रविवारी दुपारी येतो."

त्या हसण्यावर मी सगळं माफ करून बाहेर आलो होतो. खरंच.

रविवार

मंगलने शनिवारीच येसर नवीन भाजलं. सगळ्या गल्लीत वास गेला. रविवारी तिने माहेरचं नऊवारी काढलं. ताट नवीन, वाट्या नवीन. पोचा पडलेलं माझं ताट तिने फळीवर उलटं ठेवलं. दारात, ओट्यावर, जिन्यावर माणसं जमली. किसनही आला होता, लांब खांबाला टेकून उभा.

डॉक्टर आले. सचिन आणि चार-पाच जण बरोबर. चटईवर मांडी घालून बसले. मुलीच्या गालाला हात लावला. मंगलने वाढलं. वाफ निघणारी आमटी, भाकरी, ठेचा, वर कच्चं तेल, कांदा. डॉक्टरांनी डोळे मिटून वास घेतला. "अहाहा!"

सचिन मोबाइल धरून गुडघ्यावर बसला. "साहेब, घास वर धरा. हं. वहिनी, तुम्ही मागे या, दिसू द्या. दादा, तुम्ही हसा की."

डॉक्टरांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडाजवळ धरला. खटक, खटक. "अजून एक साहेब, उजेड नीट नाही आला." त्यांनी परत धरला. खटक.

"झालं," सचिन म्हणाला.

आणि डॉक्टरांनी तो घास ताटाच्या कडेला, ठेच्याशेजारी, खाली ठेवला.

मला वाटलं बोलायचं असेल काही. त्यांनी सचिनकडे बघितलं, सचिनने घड्याळ दाखवलं. एकाने पुढे केलेल्या बाटलीच्या पाण्याने त्यांनी दारातच बोटं धुतली. "मंगल, राग मानू नकोस. पुढे दापोडीला कार्यक्रम आहे, तिथे जेवण आहे. लोक थांबलेत."

मंगल आमटीची पळी हातात धरून उभी होती. "एक घास तरी घ्या, डॉक्टर. तुमच्यासाठी ठेचा वाटलाय."

"पुढच्या वेळी नक्की. पोटभर."

माझा खांदा थोपटला आणि गेले. बाहेर माणसं वाकून नमस्कार करत होती. दाराबाहेरून आतलं ताट दिसत नव्हतं, मध्ये कार्यकर्ते उभे होते.

मी पुष्कळ विचार केला त्याच्यावर. त्यांना भीती वाटली असेल का? ज्याने मला शिकवलं की जेवणातून जात नाही, त्याला? भीती वाटली असती तर मी समजलो असतो. भीती मंगललाही होती. मला वाटतं त्यांना भीती नव्हती. घाई होती. फोटो झाला होता, म्हणजे काम झालं होतं. भुकेल्या पोराला स्वतःच्या डब्यातली पोळी देणारा माणूस आमच्या ताटावरून उठला आणि त्याला काही झालंय असं वाटलंही नाही. हे मला आजारापेक्षा जास्त लागलं. आजार बरा झाला.

मंगलने दार लोटलं. चटईवर ताट तसंच होतं, आमटीवर साय धरायला लागली होती. तिने त्या कडेला ठेवलेल्या घासाकडे बघितलं. मग खाली बसली, तो घास उचलला आणि स्वतःच्या तोंडात घातला. सावकाश चावून खाल्ला. ठेचा तिखट होता, तिच्या डोळ्यात पाणी आलं, ते तिखटाचंच होतं का, मला माहीत नाही.

मग तिने ताट आमच्या दोघांच्या मध्ये सरकवलं.

"या. बसा."

मी फळीकडे हात केला. म्हणाली, "ते राहू द्या. याच्यातच या."

दोन महिन्यांनी आम्ही एका ताटात जेवलो. मुलगी आली, तीही बसली.  भाकरी कमी पडली, मंगलने उठून अजून एक थापली.

आता

तो फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर होता. घास तोंडाजवळ, मागे मंगल, बाजूला मी हसतोय. खाली लिहिलेलं, साहेब आपल्या जुन्या रुग्णाच्या घरी जेवताना. पाचव्या दिवशी किसन आला. या वेळी चपला काढून सरळ आत.

"वहिनी, आजपासून लावा परत डबा. डॉक्टरसाहेब स्वतः जेवले म्हटल्यावर आमचं काय जातंय?" मग माझ्याकडे वळून, "काय भावा, जेवले ना पोटभर?"

मंगल डब्याचं झाकण हातात घेऊन थांबली.

मी म्हणालो, "हो. दोन भाकरी खाल्ल्या."

तिने झाकण लावलं.

डबे आज एकोणीस आहेत. मी भोसरीत पॅकिंगचं बसून काम करतो. अजून कुणी नवीन पोरगा डबा लावायला आला की किसनच त्याला सांगतो, "अरे, साहेब जेवलेत इथे, दोन भाकरी," आणि मी मान हलवतो. डॉक्टर आता आमदारकीला उभे आहेत. निवडून येतील. या वेळी चिठ्ठ्या वाटायला गेलो नाही, ताप येतो असं सांगितलं. मुलीला काही झालं तर मात्र अजून त्यांच्याच दवाखान्यात नेतो, त्या तरुण डॉक्टरकडे. पडदा तोच आहे. विटलाय.

सिस्टर, ही वही तुम्ही नवीन पेशंटला वाचायला देणार. तर त्यांच्यासाठी शेवटचं. गोळी चुकवू नका. पाणी काढायला भिऊ नका. पेरू कुणी दिला तर खा. तुमच्या आजाराचं नाव कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा, आणि समोर कितीही मोठा माणूस असला तरी केस विंचरायच्या आधी विचार करा.

आणि एक खरं, जे मी किसनला सांगितलेलं नाही. डॉक्टर आमच्याकडे जेवले नाहीत. एक घास सुद्धा नाही. तरी या सगळ्या काळात मंगलच्या हातचं खाऊन कुणाला काही झालं नाही, ना त्या चौघांना ज्यांनी डबा सोडलाच नव्हता, ना नंतर आलेल्यांना. होणारच नव्हतं. ते डॉक्टरांच्या जेवण्याने खरं झालं नाही. ते आधीपासूनच खरं होतं.